आधी खालून बघा: मावशीच्या शेडमधली फियाट

मावशीकडच्या फियाटचा विषय निघाला की प्रत्येकजण पहिला प्रश्न एकच विचारतो, स्टार्ट होते का? मी काही गाड्यांतला मोठा जाणकार नाही, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर व्हर्नियर आणि फीलर गेज (बारीक मापं आणि फटी मोजायची साधनं) घेऊन दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची एवढंच काम. पण या सगळ्या भानगडीत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की स्टार्ट होते का हा शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे काही प्रश्न असे आहेत की त्यातल्या एकाचं उत्तर जरी वाईट आलं तरी गाडी भुर्रकन स्टार्ट होऊन काही उपयोग नाही.

गाडी म्हणजे फियाट ११०० डी, १९६८ ची. ऐकलं की लोक लगेच म्हणतात, अरे डुक्कर फियाट! नाही, डुक्कर फियाट हिच्या आधीची, गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. ही १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायला लागली ती, चौकोनी चेहऱ्याची, जिला पुढे १९७२ ला प्रेसिडेंट आणि १९७४ ला पद्मिनी म्हणायला लागले. बॉडी मुळात तीच, २००० सालापर्यंत थोडंफार नाक-डोळे बदलून तीच चालली. हे लक्षात ठेवा, पुढे पार्ट्सच्या वेळी कामाला येतं.

काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, ती एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली होती आणि त्यांच्याकडे ती खूप फिरली, पावागढ, डाकोर, उन्हाळ्यात पुणे. २००९ ला काका गेले आणि गाडी कारेलीबागच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. वर ताडपत्री, त्यावर जुन्या गाद्या, त्यावर मावसभावाची क्रिकेटची किट. मग २०२४ च्या ऑगस्टचा पूर. बडोद्यात त्या वेळी असलेल्याला सांगायला नको, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी पस्तीसच्याही वर गेलं. मावशीच्या अंगणात कंबरेपर्यंत पाणी होतं आणि ती वरच्या मजल्यावर बसून फोनवर मला सांगत होती की अरे, गॅलरीतून काहीतरी लांबडं वाहत गेलेलं दिसलं, लाकूड होतं की मगर कळलं नाही. बडोदेकराला हा प्रश्न खरंच पडतो.

पूर ओसरल्यावर ताडपत्री काढली तेव्हा पहिल्यांदा गाडीकडे नीट बघितलं. सीटच्या निम्म्या उंचीवर गाळाची सरळ रेघ, आतून आणि बाहेरून एकाच लेव्हलला. मावशी म्हणाली, ‘हे बघ, दिवाळीपर्यंत मला ती जागा मोकळी पाहिजे, तिथे धुण्याचं मशीन ठेवायचंय, चोकडीत (धुण्याच्या मोरीत) उभं राहून कपडे धुवायचं आता माझ्याच्याने होत नाही. तुला न्यायची तर ने, नाहीतर भंगारवाल्याला सांगते.’ भंगारवाला तर येऊन पण गेला होता, साधारण नऊशे किलोची गाडी, तिचे बावीस हजार बोलला होता. मावसभाऊ पुण्याहून म्हणाला, थांब थांब, रिस्टोअर करू. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर ती २१ गन सॅल्यूटची कॉन्कूर, म्हणजे जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा, झाली होती, तिथे तो आला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात चकाचक क्रोम आणि लॉनवर उभी असलेली गाडी बसलीय. तिथे महाराजांच्या वेळच्या गाड्या, कोट्यवधीच्या, आणि ही आपली मध्यमवर्गीय फियाट, जिच्यासाठी एके काळी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टमध्ये थांबायचे पण जी सगळ्यांकडे होती. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण भावाला सांगणार कोण.

पाणीगेटला एक उस्ताद आहेत, आयुष्यभर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर खोलत आले, आता मारुती पण करतात पण तोंड वाकडं करून. त्यांना घेऊन गेलो. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. शेडमध्ये पोतं टाकलं आणि टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली. मी म्हटलं, उस्ताद, इंजिन? खालून आवाज आला, ‘एंजिन तो मळी जशे भाई, पहेला आ जोवा दो के गाडी छे के नहीं.’ (इंजिन तर मिळेल भाऊ, आधी हे बघू द्या की गाडी आहे की नाही.)

याचा अर्थ मला नंतर कळला. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. दरवाज्यांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या, ज्याला डेंटिंगवाले रनिंग बोर्ड म्हणतात, त्या, फ्लोअरचा पत्रा, पुढच्या सस्पेन्शनची बैठक आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे लटकतात ते हँगर, हे सगळं मिळून गाडी उभी असते. इंजिन बदलता येतं, पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन आजही मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, दरवाजे मिळतात. पण हा सांगाडा जर सगळीकडूनच गेला असेल तर तुम्ही गाडी दुरुस्त करत नसता, जुन्या नंबरप्लेटच्या भोवती नवी गाडी बांधत असता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरून काही दिसत नाही. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून, वर पॉलिश करून, पत्रा आहे असं वाटतं आणि आतून वाळवी लागलेल्या चौकटीसारखं सगळं पोकळ.

त्यामुळे तपासणी चालली ती अशी. फ्रिजला लावतो तसला चुंबक, त्याला पातळ फडकं गुंडाळून (रंग ओरखडू नये म्हणून), सगळ्या बॉडीवर फिरवला. जिथे धरतो तिथे पत्रा, जिथे निसटतो तिथे लांबी. पुढच्या डाव्या मडगार्डवर वीतभर भाग निसटला, काकांनी एकदा आणंदजवळ ट्रॅक्टरला घासली होती तेच ते, मावशीला आठवत होतं. मडगार्ड काही नाही, ते बोल्टने निघतं. मग उस्तादांनी मला छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले खाली ये. हातोडीने हलकं ठोकत जायचं, चांगला पत्रा टण् बोलतो, कुजलेला भद्द. जिथे भद्द तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबायचा. मॅट उचलून फ्लोअर आतूनही बघायचा, कारण रबरी मॅटच्या खालचं जूट पाणी धरून ठेवतं. ड्रायव्हरच्या पायाखाली हाताच्या पंजाएवढं भोक निघालं, त्यातून खालचं पोतं दिसत होतं.

पण मला सगळ्यात आवडली ती जॅकची टेस्ट. आधी गाडी जमिनीवर असताना चारही दरवाज्यांच्या फटी बघायच्या, वर किती, खाली किती. मी अर्थातच फीलर गेज घेऊन गेलो होतो, उस्ताद हसले पण त्यांनी मोजू दिलं. मग एका बाजूला, मूळ जॅक लावायची जी जागा असते तिथे जॅक लावून हळूहळू उचलायची आणि परत फटी बघायच्या. सांगाडा मजबूत असेल तर चाक उचललं जातं आणि दरवाजा आहे तसा उघडतो-लागतो. डाव्या बाजूला तसंच झालं, मागचा दरवाजा मस्त खट्ट लागला, पंधरा वर्षं कोणी हात न लावलेला. उजव्या बाजूला जॅक वर यायला लागला आणि गाडी काही उचलेना, नुसता करकर आवाज, जॅकच पेटीत आत घुसत चालला होता आणि वरची फट डोळ्याने दिसेल एवढी दाबली गेली. लगेच खाली घेतली.

एकाच बाजूला का? पूर तर दोन्ही बाजूंना सारखाच होता, गाळाची रेघच सांगते. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग मावशीनेच बोलता बोलता सांगितलं की शेडचा उतार चोकडीकडे आहे आणि चोकडी उजव्या बाजूला. म्हणजे धुण्याचं साबणाचं पाणी रोज त्या बाजूच्या चाकांखालून वाहायचं, वर्षानुवर्षं, आणि पेटीच्या तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात ती मातीने बुजलेली. पुराला सगळेच नावं ठेवतात, पण पूर दोन दिवस होता, चोकडी रोज होती. मी मावशीला हे म्हटलं नाही.

मग मुख्य प्रश्न. उस्ताद म्हणाले रनिंग बोर्ड एका बाजूचा गेला, फ्लोअर थोडा गेला, याने गाडी मरत नाही, नवा पत्रा बनतो. बघायचं ते पुढची सस्पेन्शनची बैठक आणि मागच्या पाट्यांचे हँगर. तिथे कुजलं असेल तर हात जोडायचे आणि भंगारवाल्याला फोन करायचा, कारण तिथे जरा मिलिमीटरने चुकीचं वेल्डिंग झालं तरी गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते, आणि ब्रेक मारताना ते समजणं चांगलं नाही. त्या जागा आम्ही तारेच्या ब्रशने घासून, गाळ काढून, इंच इंच ठोकल्या. टण्. चारही ठिकाणी टण्. पुढच्या बाजूला तर जुन्या इंजिन ऑइलचा आणि ग्रीसचा एवढा थर होता की गंज शिरायला जागाच नव्हती, म्हणजे काकांचं इंजिन गळत होतं याचा हा फायदा.

इथपर्यंत आल्यावरच इंजिनकडे वळलो, आणि इथे एक कळकळीची सूचना, पुरात उभी असलेली गाडी चुकूनही सेल्फ मारून बघू नका. बॅटरी लावून एकदा बघूया ना, हा मोह सगळ्यांना होतो, भाऊ तर व्हिडिओ कॉलवर तेच म्हणत होता. आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या डब्याचा, ड्रेन प्लग सैल करायचा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे पाणी शिरलं असेल तर आधी पाणी येतं आणि मग तेल. आमच्याकडे चांगलं तांब्याभर पाणी आलं, मग काळं तेल. गिअरबॉक्समधून दुधाळ राखाडी काहीतरी आलं, क्राऊनमधूनही (मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरच्या पेटीतून) तसंच. हे पाणी आत असताना इंजिन फिरवलं असतं तर ते सगळ्या बेअरिंगना वाटून आलं असतं.

मग चारही प्लग काढले आणि त्या भोकांतून मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा आत सोडला, हल्ली हजार रुपयांच्या आत ऑनलाइन मिळतो, आमच्या कंपनीत पाइपच्या वेल्डिंगसाठी वापरतो तसलाच स्वस्त भाऊ त्याचा. उस्तादांनी हा प्रकार पहिल्यांदा बघितला आणि मग तो कॅमेरा त्यांनी बराच वेळ माझ्याकडे परत दिला नाही. तीन सिलिंडर स्वच्छ, एकात गंजाची गोल रेघ. तो गंज एकाच सिलिंडरमध्ये का, तर गाडी बंद करताना इंजिन ज्या स्थितीत थांबतं त्यात कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यातून दमट हवा आत जात राहते, बाकीचे झाकलेले वाचतात. इंजिन जाम होतंच. डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून प्रत्येक भोकात थोडं थोडं ओतलं आणि सोडून दिलं, अधूनमधून जाऊन परत टाकायचं. घाई केली, मोठा पाइप लावून हँडल फिरवायचा प्रयत्न केला, तर पिस्टनची रिंग तुटते. शेवटी एका रविवारी, सकाळी शेव-उसळ खाऊन गेलो होतो, उस्तादांनी पुढून हँडल लावलं, जरा पुढे, जरा मागे, जरा पुढे, आणि ते हललं. पूर्ण गोल फिरलं. स्टार्ट वगैरे काही केलं नाही, करायचंही नव्हतं. फिरतंय एवढंच पाहिजे होतं. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे हेड काढून त्याच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या गेल्यात का आणि ते वाकलंय का हे बघावं लागतंच, ते नंतर बघितलं, थोडं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) लागेल एवढंच.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले, पेट्रोलची टाकी आतून गंजलेली, रबर सगळं भाकरीच्या पापुद्र्यासारखं मोडणारं. यातलं काहीही निर्णयात मोजू नका, बंद पडलेल्या प्रत्येक गाडीत हे असतंच आणि सगळं मिळतं.

जे मोजायचं ते म्हणजे काय काय गायब आहे. हे मला भावाने नाही, उस्तादांनी नाही, कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका पार्ट्सवाल्याने फोनवर शिकवलं. पद्मिनीचे पार्ट्स भरपूर, कारण मुंबईच्या टॅक्स्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस संपली आणि ३० तारखेपासून ती रस्त्यावर नाही, म्हणजे हा झरा आता आटणार, पण अजून माल आहे. पण ११०० डी ची म्हणून जी खास छोटी छोटी चीज असते, पुढची जाळी, मागच्या लाइटच्या काचा, स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग, डॅशबोर्डची पट्टी, बॅज, क्रोमच्या पट्ट्या, यातलं एखादं शोधायला लोक वर्ष वर्ष घालवतात आणि मग विकणारा म्हणेल ती किंमत. तो म्हणाला, ‘साहेब, गंजलेली पण पूर्ण गाडी घ्या, चकाचक पण अर्धी गाडी घेऊ नका.’ म्हणून यादी करत बसलो. जाळी आहे, रिंग आहे (एक तडा), मागच्या काचा दोन्ही आहेत, बॅज आहेत, एका दरवाज्याची पट्टी नव्हती ती मावशीच्या माळ्यावर सापडली, भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर मच्छरदाणी बांधत होते. चाकांच्या कपांपैकी एक नाही. बस. काकांनी कधी काही मॉडर्न करून टाकलं नाही, ना फ्लोअर शिफ्ट, ना बकेट सीट, ती कॉलमवरची गिअर आणि पुढची अख्खी बाकडासीट तशीच.

आता कागद. अर्ध्या गाड्या इथेच मरतात असं मी म्हणेन. आरसी बुक सापडलं, जुनं पुस्तक, डॉक्टरांच्या नावाखाली काकांचं नाव चढलेलं, शिक्का आहे. बोनेटखालच्या पट्टीवरचा चेसिस नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर तारेच्या ब्रशने घासून पेन्सिलने कागदावर उतरवून घेतले, पुस्तकाशी जुळले. हे जुळले नसते तर मी तिथेच थांबलो असतो, कितीही टण् वाजलं असतं तरी. गाडी अजून काकांच्या नावावर, म्हणजे वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत. जुनं रजिस्ट्रेशन कॉम्प्युटरवर नाही, त्याची बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते.

त्यानंतर प्रश्न येतो नोंदणी कुठल्या प्रकारात ठेवायची. २०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, कमर्शियल नसलेली गाडी त्यात बसते. फी २०,०००, दहा वर्षं चालते, पुढचं नूतनीकरण ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. भावाला हे फार आवडलं. पण त्यात अट आहे की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, टेक्निकल रिसर्च, पेट्रोल भरणं आणि मेन्टेनन्स यासाठीच. म्हणजे मावशीला बसवून डाकोरला नेणं यात बसत नाही. दुसरा मार्ग साधा, फॉर्म २५ भरून नेहमीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची, गाडी तपासणीला न्यायची. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाली होती आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,००० झाली. महाग आहे, पण दिल्लीसारखी वयावरून बंदी आपल्याकडे नाही, गाडी फिट असेल तर चालवता येते. मी तरी दुसऱ्या मार्गाचा. चालवायची नसेल तर गाडी कशाला, मग पितळी समईच घ्यावी.

आता पैसे. उस्ताद, डेंटर, पेंटर, सीटवाला सगळ्यांकडून आकडे काढले. पूर्ण रिस्टोरेशन, म्हणजे बॉडी १,६०,०००, रंग ९०,०००, इंजिन ६५,०००, ब्रेक आणि सस्पेन्शन ४५,०००, वायरिंग १८,०००, सीट आणि छत ३५,०००, क्रोम ३०,०००, आणि किरकोळ म्हणून ४०,०००, जे कधीच किरकोळ राहत नाही. पावणेपाच लाखांच्या वर. आणि अशी तयार गाडी विकायला काढली तर लोक साडेतीन-चार लाख सांगतात, हातात किती येतात तो भाग वेगळा. म्हणजे हिशोब बसत नाही. मी तर म्हणतो तो कोणाचाच बसत नाही, ज्याचा बसतो तो एकतर स्वतः डेंटर आहे किंवा आकडे लपवतोय.

मावसभाऊ म्हणाला मग आधी रंग आणि क्रोम करून घेऊ, गाडी दिसायला लागली की बाकीचं होतंच. इथे आमचं फोनवर चांगलंच वाजलं. मला हेच पटत नाही. बहुतेक जण हेच करतात, वरून सुरुवात करतात, सगळे पैसे दिसणाऱ्या भागात जातात, आणि मग ब्रेकच्या पायपाला पैसे उरत नाहीत, आणि दोन पावसाळ्यांत तोच सुंदर रंग खालून फुगून वर येतो कारण पेटी कुजलेलीच होती. मी उलटं मांडलं. त्या यादीतून रंग काढून टाक, क्रोम काढून टाक, सीटचं कव्हर काढून टाक. रंग मूळ आहे, फिका पडलाय, छतावर तर खालचा प्रायमर दिसतो, दिसू दे. जगभरच्या कॉन्कूरमध्ये न रंगवता, जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांचाही एक वर्ग असतो, त्यामुळे भावालाही काही लाज वाटायचं कारण नाही. सीटची ती लाल रेक्झिनची शिवण काकांनी मांडवीजवळच्या एका माणसाकडून करून घेतलेली, गाळ धुऊन निघाला, फोम बदलला की झालं. मग उरतं काय, रनिंग बोर्ड आणि फ्लोअरचं काम १,१०,०००, इंजिनचं काम ४०,००० (सिलिंडर बोअर करून मोठे न करता नुसते आतून घासून, म्हणजे होन करून, रिंगा आणि जॉइंट नवे), ब्रेक-सस्पेन्शन ४५,०००, वायरिंग १८,०००, टाकी आणि रेडिएटर १०,०००, आणि ५.२० बाय १४ चे पाच टायर १६,०००. दोन लाख चाळीसच्या आत. भंगाराच्या बावीस हजारांवर पाणी सोडलं असं धरलं तरी हा आकडा मला माझ्या बायकोसमोर बोलता येतो. बोललो. ती म्हणाली, ‘म्हणजे एवढे पैसे घालून गाडी जुनीच दिसणार?’ हो, म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. तिने मान हलवली, ती कुठल्या दिशेने ते मी नीट बघितलं नाही.

मात्र हो म्हणताना उस्तादांशी एक गोष्ट ठरवून घेतली, आणि हे मी कोणालाही सांगेन. सगळ्या कामाचं एकदम ठरवायचं नाही. पहिला टप्पा फक्त उजवी पेटी कापून उघडायची, त्याचे वेगळे पैसे, आणि आतली मधली प्लेट किंवा पुढच्या खांबाचा पाया जर पूर्ण गेलेला निघाला तर तिथेच थांबायचं, गाडी पार्ट्ससाठी देऊन टाकायची. ११०० डी वर काम करणारे लोक आहेत, अशी पूर्ण गाडी त्यांना पार्ट्ससाठी सोन्यासारखी, आणि भंगारवाल्यापेक्षा तिप्पट तरी मिळाले असते. म्हणजे नाही म्हणायची वाटही मोकळी ठेवली होती. कापायच्या आधी दरवाज्यांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घेतले, नाहीतर पेटी कापल्यावर बॉडी मधोमध खाली बसते आणि मग दरवाजे कधीच लागत नाहीत. डेंटर म्हणाला गरज नाही, उस्ताद म्हणाले गरज आहे, मी उस्तादांचं ऐकलं.

दिवाळीच्या आधी टेम्पोवर चढवून पाणीगेटला नेली. सोसायटीतली पोरं व्हिडिओ काढत होती, मावशी मात्र टेम्पो निघायच्या आधीच प्लंबरशी नळ कुठे काढायचा ते बोलत होती.

ग्राइंडर लावला त्या दिवशी मी हाफ डे टाकून गेलो. बाहेरचा पत्रा काढला तर आतून फावड्याने काढावी एवढी माती, त्यात एक क्रिकेटचा रबरी बॉल, तो आत कसा गेला देव जाणे. मधली प्लेट खालून चार बोटं खाल्लेली, वर शाबूत. पुढच्या खांबाचा पाया, ज्याची खरी भीती होती, त्याचं एक कोपरं गेलेलं आणि बाकी चांगला, चुंबक धरत होता, हातोडी टण् म्हणत होती. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, ‘बोलो, आगळ करीए?’ (बोला, पुढचं करू या?) मी म्हटलं करा.

आता १८ गेजचा पत्रा वाकवून नवी पेटी बसलीये, आत गंजरोधक रंग आणि मेण मारायचं ठरलंय, आणि पाणी जायची भोकं यावेळी उघडी ठेवायला मी स्वतः उभा राहणार आहे. दरवाज्यांच्या फटी परत मोजल्या, डाव्या-उजव्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, उस्ताद म्हणाले कुर्ल्याहून निघाली तेव्हा याहून जास्त असेल. आत्ता ड्रम खोलणं चाललंय. कागदांचं म्हणाल तर पुण्याच्या भावाची ना-हरकत आली, मावशीची सही झाली, न्यू जर्सीला असलेल्या मावसबहिणीची तेवढी राहिलीये, तिला कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवायचीये आणि ती म्हणते पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे. ते आलं की फॉर्म ३१ भरायचा, तोवर उस्ताद वायरिंग ओढून ठेवतो म्हणालेत.